मणक्यातले इंजेक्शन : उपचार की तपासणी?

शहरातल्या मोठ्या रस्त्यावरून जाताना आता 'पेन क्लिनिक'चा एखादा तरी फलक दिसतोच. 'कंबरदुखी, मानदुखी : शस्त्रक्रियेविना, टाक्याविना, त्याच दिवशी घरी.' फलकावरचा मजकूर खोटा नसतो. मणक्याच्या सांध्यात किंवा सांध्याजवळ सुईने औषध सोडण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते, टाका पडत नाही आणि रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो. फलकावर नसते ते पुढचे. दुखणे कोणाचे थांबेल, किती दिवस थांबेल, आणि थांबलेच तर ते सुईमुळे थांबले हे कशावरून?

हे प्रश्न आता काढण्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने एका आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. या गटात डॉक्टर होते, संशोधन पद्धतींचे अभ्यासक होते आणि पाठदुखीने वर्षानुवर्षे त्रासलेले रुग्णही होते. तीन महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या मणक्याच्या दुखण्यासाठी सांध्यातली इंजेक्शने, मणक्याच्या पोकळीतली स्टेरॉइडची इंजेक्शने आणि नस उष्णतेने निकामी करण्याची प्रक्रिया, यांपैकी काहीच करू नये, असा स्पष्ट कौल त्यांनी दिला. कर्करोगाचे दुखणे आणि सांध्यांच्या दाहाचे आजार तेवढे यातून वगळले होते. वेदनातज्ज्ञांच्या संघटना यावर लगोलग तुटून पडल्या. योग्य रुग्ण निवडला, सुई योग्य जागी गेली तर लाभ होतो. निवड न करता झालेले अभ्यास एकत्र मोजून निष्कर्ष काढणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे.

दोन्ही बाजूंचे कागद वाचल्यावर आमचे मत असे झाले आहे की, हे इंजेक्शन उपचार म्हणून कमकुवत आहे आणि तपासणी म्हणून उपयोगी आहे. आपल्याकडे मात्र ते बहुतेक वेळा उपचार म्हणूनच विकले जाते. 'तीन इंजेक्शनांचा कोर्स' हा शब्दप्रयोग ज्यांनी ऐकला असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आधी हा सांधा कुठला ते पाहू. मणका म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येते ती गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. 'गादी सरकली', 'गॅप आली', 'नस दबली' ही आपली कंबरदुखीची परिभाषा गादीभोवतीच फिरते. पण प्रत्येक दोन मणके तीन ठिकाणी एकमेकांना टेकतात. पुढच्या बाजूला गादी आणि मागच्या बाजूला डावीकडे-उजवीकडे एकेक छोटा सांधा. त्याला फॅसेट सांधा म्हणतात. बोटाच्या पेरासारखाच हा खराखुरा सांधा आहे. त्याला गुळगुळीत कूर्चा असते, वंगणासारखा द्रव असतो, बाहेरून पिशवीसारखे आवरण असते. कमरेतल्या अशा एका सांध्यात जेमतेम एक ते दीड मिलिलिटर द्रव मावतो. मानेतल्या सांध्यात त्याहूनही कमी. पाठ मागे झुकवताना, कूस बदलताना, गाडी मागे घेण्यासाठी मान वळवताना याच सांध्यांवर ताण येतो. संवेदना मेंदूकडे नेणारे बारीक मज्जातंतू, ज्यांना बोलीत आपण नस म्हणतो, ते प्रत्येक सांध्याला दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरून येतात. म्हणून एक सांधा बधिर करायचा तर दोन नसा बधिर कराव्या लागतात.

हा सांधा दुखू शकतो, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद जोएल गोल्डथवेट यांनी १९११ मध्ये तसे सुचवले. १९३३ मध्ये राल्फ घोर्मली यांनी त्याला 'फॅसेट सिंड्रोम' हे नाव दिले. पण पुढच्याच वर्षी मिक्स्टर आणि बार या दोघांचा फाटलेल्या गादीवरचा निबंध आला आणि सगळे वैद्यकशास्त्र गादीच्या मागे लागले. सांधा विस्मरणात गेला. तो परत आला सत्तरच्या दशकात, आणि आला तो मोठ्या गाजावाजासह. ऑस्ट्रेलियातल्या रीस नावाच्या डॉक्टरांनी त्वचेतून बारीक सुरी घालून सांध्याची नस कापण्याची युक्ती काढली आणि ९९ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाल्याचे १९७१ मध्ये जाहीर केले. जगभरातून डॉक्टर ही युक्ती शिकू लागले.

मग निकोलाय बोगडक या ऑस्ट्रेलियन शरीररचनातज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधे काम केले. शवविच्छेदनात त्यांनी ती सुरी कुठवर जाते हे पाहिले. सुरी त्या नसेपर्यंत पोहोचतच नव्हती! सुरीऐवजी विद्युतलहरींच्या उष्णतेने नस जाळण्याची जी पद्धत त्याच सुमारास अमेरिकेत निघाली होती, तिचेही त्यांनी असेच परीक्षण केले. सुईचे टोक जिथे ठेवायला सांगितले होते, तिथे नस नव्हती. तरीही रुग्ण बरे वाटते असे सांगत होते.

यात रुग्ण खोटे बोलत होते असे नाही आणि डॉक्टर लबाड होते असेही नाही. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची पद्धत अजून काही गावांत आहे. पाय लावून घेतल्यावर तीन-चार दिवसांत चमक जाते. न लावताही जाते. पण माणूस पायाळूकडे जातो तो दुखणे अगदी टिपेला पोहोचलेले असताना, आणि टिपेला पोहोचलेले दुखणे त्यानंतर उतरतेच. त्यात कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिले, काहीतरी केले, याचा दिलासा मिळतो. हा दिलासा काल्पनिक नसतो, वेदना खरोखर कमी होते. मात्र श्रेय भलत्याला जाते. सी-आर्म यंत्र, निर्जंतुक खोली, पडद्यावर सरकणारी सुई आणि हिरव्या कपड्यांतला तज्ज्ञ यांचा मिळून होणारा दिलासा तर पायाळूच्या पायापेक्षा कितीतरी मोठा. म्हणूनच मणक्याच्या इंजेक्शनाची परीक्षा घ्यायची तर त्याच खोलीत, त्याच सुईने, औषधाऐवजी दुसरे काहीतरी देऊन तुलना करावी लागते.

अशी तुलना झालेली आहे. कॅनडातले सायमन कारेत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जवळपास शंभर रुग्णांचा अभ्यास मांडला. या सर्वांची कंबर आधी सांध्यात भूल देऊन तपासली होती आणि त्या भुलीने आराम पडलेल्यांनाच निवडले होते. निम्म्यांच्या सांध्यात स्टेरॉइड सोडले, निम्म्यांच्या सांध्यात सलाइनचे पाणी. कोणाला काय मिळाले हे कोणालाच माहीत नव्हते. महिन्याभराने चांगला आराम पडला असे सांगणारे स्टेरॉइडच्या गटात ४२ टक्के होते, पाण्याच्या गटात ३३ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. सहा महिन्यांनी स्टेरॉइडचा गट पुढे दिसला, पण मधल्या काळात त्या गटाने इतर उपचारही अधिक घेतले होते. पहिल्या महिन्यात मिळालेला आराम सहाव्या महिन्यापर्यंत टिकलेले रुग्ण एका गटात २२ टक्के निघाले, दुसऱ्यात १० टक्के.

मानेचे उत्तर आणखी रोखठोक आले. गाडीच्या अपघातात मान हिसडल्यानंतर ज्यांचे दुखणे राहून गेले होते, अशा ४१ जणांवर ऑस्ट्रेलियात प्रयोग झाला. काहींच्या मानेच्या सांध्यात स्टेरॉइड, काहींच्या सांध्यात फक्त भूल. दुखणे निम्म्यावर परतायला लागलेला मध्यम काळ भुलीच्या गटात साडेतीन दिवस होता आणि स्टेरॉइडच्या गटात तीन दिवस. हे १९९४ साली छापून आले. त्याला तीन दशके उलटून गेली आहेत.

स्टेरॉइड इथे का चालत नाही, हे समजायला अवघड नाही. स्टेरॉइड सूज आणि दाह कमी करते. संधिवाताने सुजलेल्या गुडघ्यात त्याचा गुण दिसतो, कारण तिथे दाह असतो. मणक्याच्या झिजलेल्या सांध्यात बहुतेक वेळा तसा धगधगता दाह नसतो. मग औषधाने विझवायचे काय?

पण याच संशोधनातून दुसरी, अधिक कामाची गोष्ट पुढे आली. सुईने सांधा बरा होत नसेल, तर दुखणे कोणत्या सांध्याचे आहे हे तरी ती सांगू शकते का? हा प्रश्न लहान नाही. कंबर दुखते तेव्हा ती गादीने दुखते, सांध्याने, माकडहाडावरच्या मोठ्या सांध्याने की स्नायूने, हे बोटाने चाचपून ठरत नाही. एमआरआयनेही ठरत नाही. अजिबात पाठदुखी नसलेल्या लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. यांच्यापैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती. एमआरआयच्या अहवालात दोन पाने भरून 'झीज' लिहून आली म्हणून ती झीजच दुखते आहे असे होत नाही. केस पिकले म्हणून डोके दुखते, असे आपण म्हणत नाही.

इथे सुई कामाला येते. सांध्याकडे जाणाऱ्या नसेजवळ, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, भुलीचे अगदी थोडे औषध सोडायचे. अर्धा मिलिलिटरच्या आतबाहेर. अधिक सोडले तर ते आजूबाजूला पसरते आणि तपासणी बिघडते. मग रुग्णाने झोपून राहायचे नाही, उलट ज्या हालचालीने दुखते तीच करून पाहायची. वाका, वळा, जिना चढा, अर्धा तास खुर्चीत बसा. भुलीचा अंमल असेपर्यंतच्या काही तासांत दुखणे बहुतेक गेले आणि अंमल उतरल्यावर परत आले, तर सांधा गुन्हेगार असण्याची शक्यता वाढते. कमी झालेच नाही, तर तो सांधा सुटला. ही बातमीही मोलाची असते, कारण मग त्या सांध्यावर पुढचा खर्च करायचा नाही.

मात्र एकदा गुण आला म्हणून निकाल लागत नाही. एका इंजेक्शनाला 'आराम पडला' म्हणणाऱ्यांना दुसऱ्यांदा, वेगळ्या कालावधीची भूल देऊन तपासले, तेव्हा कमरेच्या बाबतीत पहिल्या निकालांपैकी बरेच आणि मानेच्या बाबतीत २७ टक्के निकाल फसवे निघाले. म्हणजे एकाच तपासणीवर विसंबून पुढे गेले, तर बऱ्याच रुग्णांच्या चुकीच्या जागेवर उपचार होणार. दोनदा तपासावे, हे त्यामुळेच. आपल्याकडे याच पायरीवर सगळे घसरते. दोनदा भूल देऊन फक्त तपासायचे, तेही दोन वेगळ्या दिवशी, हे रुग्णाला पटत नाही आणि डॉक्टरला परवडत नाही. 'आलोच आहोत तर औषधच सोडून टाका' असे रुग्णाचे नातेवाईकच म्हणतात. मग भूल आणि स्टेरॉइड एकत्र मिसळून चार-सहा सांध्यांत एकदम सोडले जाते. त्यातून ना धड तपासणी होते, ना धड उपचार.

तपासणीत सांधा नक्की सापडला, तर पुढे काय, याचे एक उत्तर १९९६ मध्ये मिळाले. मानेच्या ज्या रुग्णांची निवड अशा काटेकोर तपासणीने, पाण्याच्या इंजेक्शनाशी ताडून केली होती, त्यांच्यापैकी १२ जणांची नस ८० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने निकामी केली. इतर १२ जणांत सगळे सोपस्कार केले, फक्त उष्णता दिली नाही. दुखणे निम्म्यावर परतायला दुसऱ्या गटात ८ दिवस लागले, पहिल्या गटात २६३ दिवस. नस पुन्हा वाढते, म्हणून दुखणे परत येते आणि प्रक्रिया पुन्हा करावी लागते. पण जवळजवळ नऊ महिने मान वळवता येणे म्हणजे काय, ते ज्याची मान अडली आहे त्याला विचारावे.

अभ्यास फक्त २४ रुग्णांचा होता, हे खरे. नेदरलँड्समध्ये २०१७ साली ६८१ रुग्णांवर तीन मोठे प्रयोग झाले, ते कमरेचे. त्यांत व्यायामाला या प्रक्रियेची जोड दिल्याने व्यायामापेक्षा फारसे अधिक काही मिळाले नाही. तिथे रुग्ण एकाच तपासणीवर निवडले होते आणि सुया ठेवण्याची पद्धतही सदोष होती, असा आक्षेप वेदनातज्ज्ञ घेतात. आक्षेपात तथ्य आहे. पण रोजच्या दवाखान्यात निवड अशीच, किंबहुना याहून सैल होते. मग रोजच्या दवाखान्यातला निकाल या डच निकालाहून चांगला कसा येईल, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये घेतलेली भूमिका आम्हाला या सगळ्यात सर्वांत व्यवहारी वाटते. नुसत्या कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये. इतर उपायांनी भागले नाही, दुखणे मध्यम किंवा तीव्र आहे आणि सांध्याच्या नसेला भूल दिल्यावर गुण आला, अशाच रुग्णाचा उष्णतेच्या प्रक्रियेसाठी विचार करावा. पुढे २०१८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने साध्या कंबरदुखीवरची इंजेक्शने आपल्या नेहमीच्या खर्चातून काढून टाकली. आपल्याकडे बहुतेक रुग्ण खिशातून पैसे भरतो. त्यामुळे काय चालते आणि काय नाही याचा हिशेब सरकार ठेवत नाही आणि विमा कंपनीही ठेवत नाही. तो रुग्णालाच ठेवावा लागतो.

एक गल्लत टाळायला हवी. कमरेतून निघून पोटरीपर्यंत, पावलापर्यंत विजेसारखी कळ जाणारी सायटिका ही वेगळी गोष्ट. तिथे गादीचा तुकडा नसेच्या मुळाला टोचतो आणि तिथे खरोखर दाह असतो. ताज्या आणि तीव्र सायटिकात मणक्याच्या पोकळीत दिलेले इंजेक्शन काही आठवडे दिलासा देऊ शकते, 'नाइस'नेही ती वाट उघडी ठेवली आहे. पण उतारवयातल्या, चालताना पाय भरून येणाऱ्या, मणक्याची वाट अरुंद झालेल्या रुग्णांना तेच इंजेक्शन फारसे कामाचे नाही. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या २०१४ च्या प्रयोगात भुलीत स्टेरॉइड मिसळून आणि न मिसळता जवळपास सारखाच निकाल आला.

आता धोके. जाणत्या हातात हे इंजेक्शन बहुतेक वेळा सुरक्षित असते, उगाच भीती घालण्याचे कारण नाही. पण आपल्याकडे काही गोष्टी खास पाहाव्या लागतात. पहिली मधुमेह. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. स्टेरॉइडचे इंजेक्शन सांध्यात दिले तरी रक्तात उतरते आणि साखर काही दिवस चढती राहते. कमरेच्या डॉक्टरला मधुमेहाच्या गोळ्या सांगायच्या राहून जातात, कारण 'कमरेचा आणि साखरेचा काय संबंध' असे वाटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तेच. अँजिओप्लास्टी झालेल्याने त्या मनाने बंद करणे जितके धोक्याचे, तितकेच त्या चालू असल्याचे न सांगता मणक्यात सुई घालून घेणे धोक्याचे.

दुसरी गोष्ट क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयाची आवडती जागा मणका आहे. त्याची सुरुवात साध्या पाठदुखीसारखीच होते. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन, मेलेली भूक. यांपैकी काही असेल तर आधी रक्ताची तपासणी आणि एमआरआय, सुईचे नंतर पाहू. क्षयाने पोखरलेल्या मणक्याजवळ स्टेरॉइड सोडणे म्हणजे जंतूंना मोकळे रान देणे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेजवळचा भाग बधिर होणे, पायातली ताकद अचानक जाणे, ही लक्षणे तर पेन क्लिनिकची नव्हेतच. तिथून थेट मोठे रुग्णालय गाठावे. एमआरआयचा खरा उपयोग अशा रुग्णांसाठी आहे, आणि नेमके त्यांनाच तो उशिरा मिळतो.

मानेच्या इंजेक्शनात आणखी एक काळजी असते. तिथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुईच्या वाटेजवळ असतात. मणक्याच्या पोकळीत दिलेल्या स्टेरॉइडनंतर क्वचित अंधत्व, पक्षाघात, मृत्यूही ओढवल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता. क्ष-किरणांच्या पडद्याशिवाय, नुसत्या अंदाजाने मानेत सुई घालणाऱ्याला सरळ नकार द्यावा.

इंजेक्शन नाही, मग काय, हा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात आजाराची नीट माहिती देणे, व्यायाम, काही शारीरिक उपचार, मनाच्या बाजूने केलेली मदत आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या यांवर भर आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून ओढण्याचे ट्रॅक्शन नेहमीसाठी वापरू नये, असेही त्यात आहे. (घरोघरी पलंगाखाली पडलेल्या पट्ट्यांची संख्या पाहता हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापायला हवे.) ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर झालेल्या २०२४ च्या अभ्यासात, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू चालण्याची सवय लावली. पुढचा झटका मधल्या रुग्णाला २०८ दिवसांनी आला. काहीच न करणाऱ्यांत ११२ दिवसांनी. चालण्याला ना सी-आर्म लागतो ना भूल.

पण हे लिहितानाही अवघडल्यासारखे होते. पाच महिने ऊसतोडीवर मोळ्या वाहणाऱ्या बाईला 'व्यायाम करा' सांगणे, किंवा लावणीच्या हंगामात दिवसभर चिखलात ओणव्या उभ्या राहणाऱ्या कोकणातल्या माणसाला 'विश्रांती घ्या' सांगणे, यात सल्ला देणाऱ्याचेच समाधान अधिक. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट सहज मिळत नाही, खासगी फिजिओथेरपी रोज परवडत नाही, आणि रोज जाण्याची मजुरी बुडते ती वेगळीच. एका दिवसात उरकणारे इंजेक्शन त्या माणसाला जवळचे वाटते ते अडाणीपणामुळे नव्हे. त्याने केलेला तो हिशेब आहे. तालुक्याला एक फिजिओथेरपिस्ट नेमायला येणारा खर्च आणि गावोगावचे लोक शहरात येऊन सुयांवर घालवतात तो पैसा, यांची बेरीज आरोग्य खात्याने एकदा मांडून पाहावी.

तरीही ज्याला सुई घ्यायचीच आहे, किंवा घ्यावी लागणार आहे, त्याने आत जाण्याआधी विचारावे. हे इंजेक्शन तपासणीचे आहे की उपचाराचे? गुण आला तर पुढची पायरी कोणती, आणि नाही आला तर कोणती? दुसऱ्या प्रश्नाला 'आणखी एक देऊन पाहू' असे उत्तर आले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. त्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी घेऊ नये, गुंगीचे औषध टाळता येत असेल तर टाळावे, नाहीतर आराम कशाने पडला ते कळणार नाही. सोबत कोणीतरी असावे, स्वतः गाडी चालवू नये. आणि एक वही ठेवावी. इंजेक्शनाआधी दुखणे दहापैकी किती होते, त्यानंतर दर तासाला किती, कोणती हालचाल जमली, कोणती नाही, हे रात्रीपर्यंत लिहावे. दुसऱ्या दिवशी फोनवर 'बरे वाटतेय, डॉक्टर' असे म्हणण्यापेक्षा ही वही डॉक्टरला कितीतरी अधिक सांगते.

घरी येताना फाइलमध्ये औषधाचे नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि कोणत्या बाजूच्या कोणत्या सांध्यात दिले, हे लिहून घ्यावे. २०१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषध बनवणाऱ्या कंपनीच्या स्टेरॉइडच्या बाटल्यांत बुरशी निघाली. ती मणक्यात आणि सांध्यांत टोचलेल्यांपैकी ७५३ जण आजारी पडले. अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या पुढच्या वर्षीच्या मोजणीपर्यंत त्यांतले ६४ दगावले होते. कित्येकांना त्रास सुरू झाला तो इंजेक्शनानंतर काही आठवड्यांनी. ते औषध सुमारे १४ हजार लोकांना टोचले गेले होते. त्यांना शोधून काढता आले, कारण कोणत्या बॅचची बाटली कोणत्या रुग्णाला दिली याची दवाखान्यांत नोंद होती. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा 'इंजेक्शन दिले' एवढेच लिहिलेले असते.